पडद्याच्या तळाशी एक ओळ

“टीव्ही रंगीत आहे का?” तेरदाळे अप्पांनी फाटकातूनच विचारलं.

“रंगीत हाय की. छोटा हाय, पण रंगीत.” मी डोक्यावरची पाटी त्यांच्या ओट्यावर उतरवली. पाटीत चादरीत गुंडाळलेला दस्तगीर मिस्त्रीचा टीव्ही होता आणि त्याच्या भारानं माझी मान आखडून गेली होती.

“वायर?”

“दोन आणल्यात. मिस्त्री म्हणाला, जुन्या मशीनचं काय सांगता येत न्हाई. बसंल ती बसंल.”

“तो नाही ना आला मागोमाग?”

“न्हाई. तुम्ही निरोपच तसा धाडला होता, चांगुणालाच पाठव म्हणून. फुगलाय तो. म्हणतोय, म्हातारा मला चोर समजतोय काय.”

अप्पा हसले नाहीत. टीव्हीला हात लावायला वाकले, छातीवर हात ठेवून परत सरळ झाले. “तुम्हीच आत घ्या,” म्हणाले.

मिरजेत मी तेव्हा जुन्या कपड्यांवर भांडी देत फिरायची. तेरदाळ्यांच्या घरी माझं जाणं-येणं त्यातूनच. पुढं पुढं कपड्यांपेक्षा लोकांच्या माळ्यावरचे जुने कॉम्प्युटर मला जास्त मिळवून देऊ लागले. आताचे नव्हेत. टीव्हीला जोडायचे, कॅसेटवर चालणारे, दिसायला नुसती बटणांची फळी. एके काळी हौशी घरांत ते मोठ्या कौतुकानं आले आणि चार-पाच वर्षांत अडगळीत गेले. मी एक पातेलं द्यायची आणि तसलं मशीन पाटीत टाकून दस्तगीर मिस्त्रीकडं न्यायची. त्याचं लक्ष्मी मार्केटच्या मागं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मुंबई-बंगळूरकडची काही माणसं अशी मशीनं जमवतात, हे त्याला कळलेलं होतं.

भाव कसा करायचा ते त्यानंच मला शिकवलं. खोका असला तर भाव चढतो. प्लास्टिक उन्हानं पिवळं पडलं असलं तर उतरतो. बटणांवरची अक्षरं पुसली असली तर आणखी उतरतो. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, ते मी साठी उलटल्यावर नातीच्या अंकलिपीवरून शिकले. पण बटण झिजलंय का नाही, हे बोटाला समजतं. आणि मिस्त्रीचा शेवटचा नियम असा, की बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय कुठलंही मशीन चालू आहे म्हणायचं नाही.

तेरदाळ्यांचं मशीन मात्र चालूच होतं. चौदा वर्षं.

ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांचा मुलगा शशिधर सतरा वर्षांचा असताना एका दुपारी त्यावर काहीतरी लिहीत बसला होता. लिहिलेलं कॅसेटवर उतरवून घ्यायचं, तर कॅसेटची फीत तुटली. त्या मशीनचं असं होतं, की कॅसेटवर उतरवलं नाही आणि मशीन बंद केलं, तर आतलं सगळं पुसलं जायचं. शशी आईला म्हणाला, “अव्वा, नवी कॅसेट घेऊन आलोच. तोवर मशीनला कुणी हात लावू नका.” आणि सायकलवरून गेला. स्टेशनच्या वळणावर ट्रकनं त्याला उडवलं.

मशीनला कुणी हात लावला नाही. अप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. गावाची वीज गेली तरी सिग्नल विझता कामा नये, हे त्यांचं जन्मभराचं काम. त्यांनी मशीनला एक मोठी बॅटरी जोडली. भिंतीतला करंट गेला की बॅटरी, करंट आला की बॅटरी पुन्हा भरायची. कॅसेटवर उतरवून देतो म्हणून दोघे-तिघे येऊन गेले, पण आधी कुठलं बटण दाबायचं यावर त्यांचंच एकमत होईना. अप्पांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. घरचा टीव्ही शशी गेल्यावर कुणी लावलाच नाही, पुढं तो मोडीत गेला. तेव्हापासून आत काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. दिसायचा फक्त मशीनच्या कोपऱ्यातला तांबडा दिवा. बायका म्हणायच्या, तेरदाळ्यांकडं नंदादीप आहे, तेल मागत नाही, करंट मागतो.

आता अप्पांचं हृदय दुखणाईत झालं होतं. लेक हुबळीला बोलवत होती. बॅटरी तिच्या फ्लॅटात कुठं ठेवणार? अप्पांनी मशीन द्यायचं ठरवलं. पण देण्याआधी एकदा पडदा बघायचा होता.

मागच्या खोलीत मी टीव्ही स्टुलावर ठेवला. खोली झाडलेली, खाटेवर धुतलेली चादर. आणि एक गुणगुण. माशी अडकल्यासारखी, बारीक, न थांबणारी. बॅटरी भरायच्या डब्यातून ती येत होती. मी मशीनभोवती फिरून बघितलं. प्लास्टिक दुधासारखं पांढरं. चौदा वर्षं खिडकी बंदच ठेवली होती, ऊन कुठून लागणार? बटणं करकरीत. असलं मशीन मी कधी पाहिलं नव्हतं, मिस्त्रीनंही नाही.

“चांगुणा,” दारातून गिरिजाकाकूंनी हाक मारली. “चहा घेऊन मग काय ते कर. ये इकडं.”

स्वयंपाकघरात चूल पेटलेली नव्हती, चहाचं आधणही नव्हतं. काकूंनी माझा दंड धरला.

“टीव्ही लागत नाही म्हणून सांग.”

“का हो काकू? लागंल की.”

“लागेल म्हणूनच म्हणते. वायर बसत नाही म्हण. टीव्ही बिघडलाय म्हण. काहीही म्हण.”

“अहो, अप्पा एवढे आस लावून बसलेत...”

“मशीन फुकट ने. खोका माळ्यावर आहे, तो ने. वर माझी दोन लुगडी देते. फक्त टीव्ही लावू नको.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले. लुगड्याच्या काठावरून माझ्याशी तासभर घासाघीस करणारी बाई ती. फुकट हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नव्हता.

“आत काही नाही, चांगुणा,” त्या म्हणाल्या. “मी बंद केलं होतं ते.”

“कधी?”

“उमाच्या लग्नाच्या आधी. दहा वर्षं झाली. हे मांडवात बसायला तयार नव्हते. म्हणे, करंट गेला आणि बॅटरीनं दगा दिला तर घरात कोण? पोरीच्या लग्नात बाप नाही! माझं डोकं फिरलं. हे बाजारात गेले तेव्हा मी गेले आत आणि उपसल्या दोन्ही वायरी. दिवा विझला. या डोळ्यांनी बघितला विझलेला.” काकूंनी ओठ आवळले. “मग भान आलं. परत लावल्या. दिवा लागला. हे आले, दिवा बघितला, हातपाय धुतले, जेवले.”

“त्यांना कळलं न्हाई?”

“दिवा होता ना. रोज तिन्हीसांजेला हात जोडतात त्या दिव्याला. आणि मी शेजारी उभी राहते. मीपण जोडते.” त्या थांबल्या. “शशी मलाच सांगून गेला होता गं. यांना नाही. मला. तसा तापट होता. मी इस्त्री लावली आणि फ्यूज उडाला, की ओरडायचा माझ्यावर, अव्वा, माझं सगळं गेलं! दोन-दोन दिवस बोलायचा नाही. आता कोण ओरडणार?”

“रडू नका काकू. मी वायर उलटी लावते. मला काय, अडाणी बाई. जमलं न्हाई म्हणंन.”

एवढ्यात मागच्या खोलीतून अप्पांचा आवाज आला. “चांगुणाबाई! लागलं! उजेड आला!”

त्यांनी स्वतःच वायर लावली होती. जन्म वायरींत गेलेला माणूस तो, माझ्यासाठी कशाला थांबेल?

आम्ही दोघी धावलो. काकू उंबऱ्यावरच थिजल्या, पदराचा बोळा तोंडात.

पडदा पांढरा होता. पार पांढरा, चुना दिलेल्या भिंतीसारखा. आणि अगदी तळाशी काळ्या अक्षरांची एकच ओळ. वीतभर असेल. तिच्या सुरुवातीला एका बारीक गोलात एक अक्षर कोंडलेलं होतं, तेवढं माझ्या ध्यानात राहिलं.

अप्पांनी चष्मा लावला. ते जमिनीवर बसले आणि पडद्याजवळ तोंड नेलं.

“काय आहे?” काकूंनी विचारलं. त्यांना मराठी वाचता येत होतं, इंग्रजी नाही.

अप्पांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

“अहो, काय आहे?”

“थांब. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय गाढवानं. लावून वाचावं लागतंय.” त्यांनी काचेवर बोट ठेवलं. “‘अव्वा.’ असं लिहिलंय. ‘अव्वा, लाईट गेली तर मी ओरडणार नाही. तूही रडू नको.’” इथं अप्पा थांबले. मग पुढं वाचलं, “‘सगळं माझ्या पाठ आहे. मी परत लिहीन.’”

काकू उंबऱ्यावर खाली बसल्या.

मला वाटलं, ओळ तर वीतभर आणि हे एवढं मोठं कसं? पण इंग्रजी अक्षरांत थोडक्यात मावत असेल. साहेबलोकांची अक्षरं, त्यांच्या कपड्यासारखी तोकडी.

“परत वाचा,” काकू म्हणाल्या.

अप्पांनी परत वाचलं. एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही.

“खरंच तसं आहे?”

“माझ्यावर विश्वास नसेल तर उमाला बोलव हुबळीहून.”

“पण ते तर...” काकू माझ्याकडं बघू लागल्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. दहा वर्षं दाबून धरलेलं ओझं कुणीतरी हातातून काढून घेतल्यावर, हातांचं काय करावं हे कळू नये, तसा. “ते आहे अजून? गेलं नाही?”

“समोर आहे की,” अप्पा म्हणाले.

गुणगुण तेवढी चालू होती. मग अप्पा स्टुलाला धरून उठले.

“ओरडणार नाही म्हणतोय. मग आता बंद करू या. तू कर.”

“मी?”

“तुझ्यावर सोपवून गेला होता ना? तूच कर.”

काकू पुढं आल्या. वाकल्या. बॅटरीची वायर आधी, मग भिंतीतली. कुठली आधी काढायची ते त्यांना विचारावं लागलं नाही. आणि अप्पांनी सांगितलंही नाही. ते तेव्हा बंद खिडकीकडं तोंड करून उभे होते.

दिवा विझला. गुणगुण थांबली आणि आम्ही तिघांनीही एकदम वर बघितलं, छत उडून गेल्यासारखं. शेजारी कुणी कपडे आपटत होतं, ते त्या खोलीत पहिल्यांदा ऐकू आलं.

मग अप्पांनी माझ्याशी भाव केला. आणि कसा! खोक्याचे वेगळे लावले, पांढऱ्या प्लास्टिकचे वेगळे. “चौदा वर्षं चालू होतं. याहून चालू मशीन आणून दाखवा,” म्हणाले. मी म्हटलं, “अप्पा, चौदा वर्षं चालू म्हणजे चौदा वर्षं झिजलेलं.” तर काकूच मधे पडल्या, “झिजलेलं काय गं? कापूस लावून पुसत होते हे रोज. माझ्यापेक्षा जास्त त्याच्याकडं बघितलंय!” आणि हसल्या. मिस्त्रीनं तपासलं की दुसऱ्या दिवशी रक्कम द्यायची, असं ठरलं.

तिन्हीसांजेला दुकानात मिस्त्रीनं मशीन हातात घेतलं आणि फुगवा विसरला. “चांगुणा, हे तू कुठून उकरलंस? म्हातारा मला का नको म्हणत होता? मी काय खाणार होतो त्याला?” त्यानं वायर लावली. बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. पार पांढरा. तळाशी काळी ओळ, वीतभर. सुरुवातीला बारीक गोलात कोंडलेलं अक्षर.

मी हातातला चहा खाली ठेवला.

“मिस्त्री, काय लिहिलंय ते?”

“कंपनीचं नाव आणि साल.”

“आणि?”

“आणि काय? चालू केलं की पहिलं हेच येतं.”

“पण ते तर दुपारी... आत लिहिलेलं असंल, तरी हेच येतं?”

“आत काही असतं तर हे कशाला येईल? पाटी कोरी असली की हे येतं.” त्यानं बंद केलं, चालू केलं. तीच ओळ. पुन्हा बंद, पुन्हा चालू. “एक नंबर! काय झालं गं तुला? भूत बघितलंस काय?”

माझ्या कानात अप्पांचा आवाज होता. एक शब्द इकडचा तिकडं न होता, दोनदा.

दुसऱ्या दिवशी रक्कम घेऊन गेले तर अप्पा गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. माझ्यासाठीच उभे असावेत.

“चालू झालं?”

“झालं.”

“मिस्त्रीनं वाचलं असेल.”

“वाचलं.”

ते काठीचं टोक मातीत फिरवत राहिले. “आमच्या खात्यात वायर गुंडाळायची ती उजवीकडून. हाताला सवय लागते. एकदा बाजारातून आलो तर डावीकडून गुंडाळलेली.”

“मग दहा वर्षं तुम्ही हात कुणाला जोडत होता, अप्पा?”

“वाट बघत होतो. आज सांगेल, उद्या सांगेल. सांगितलं असतं तर म्हटलं असतं, बरं केलंस. तिनं सांगितलं नाही. मग मला वाटायला लागलं, मी बंद करू म्हटलं तर तिला वाटेल मला कळलंय. तसंच चालू राहिलं.” काठी थांबली. “रात्री झोपेत बोलते ती. नाही हात लावला रे, म्हणते. माझ्यानंतर ते कोण ऐकणार?”

मी रक्कम त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न बघता खिशात घातली.

“काल पहिल्यांदा गप झोपली,” ते म्हणाले.

महिना गेला नाही तोच अप्पा वारले. मी मौतीला गेले होते, पण गर्दीत काकूंशी बोलणं झालं नाही.

त्या दुकानात आल्या त्या हुबळीला जाण्याच्या दिवशी. लेक बाहेर रिक्षात बसलेली. मिस्त्री नमाजाला गेला होता आणि मी एकटीच होते. मशीन फळीवर होतं. मुंबईचा माणूस ते न्यायला दोन दिवसांनी यायचा होता.

“एकदा लाव,” काकू म्हणाल्या.

“काकू, ते आता विकलंय...”

“विकलंय ना. नेलं नाही ना अजून? लाव.”

मला काय करावं ते सुचेना. मिस्त्री असता तर काहीतरी सबब सांगितली असती. मी वायर शोधण्यात वेळ काढला, टीव्ही पुसला. काकू स्टुलावर बसून होत्या, पदर खांद्यावरून घेतलेला, कपाळ मोकळं. शेवटी मी बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. तळाशी ओळ आली.

काकू बघत राहिल्या.

“तेच आलं की,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी बंद करून दिलं होतं. तरी तेच.”

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. लेकीनं “अव्वा, गाडी चुकेल” म्हणून हाक मारली. काकूंनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्या उठल्या, पडद्याजवळ गेल्या, आणि त्या ओळीच्या खाली काचेवर बोट ठेवलं, अप्पांनी ठेवलं होतं तसं.

“वाच.”

“काकू, मला कुठं वाचता येतं?”

“माहीत आहे मला. वाच.”

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांच्या बोटाकडं बघितलं. गोलात कोंडलेल्या अक्षरापासून सुरुवात केली.

“अव्वा,” मी वाचलं. “लाईट गेली तर मी ओरडणार न्हाई. तूही रडू नको. सगळं...”

“तिथं थांब जरा,” काकू म्हणाल्या. “ते तिथं थांबले होते.”

मी थांबले. काकूंचं बोटही थांबलं. त्यांनी डोळे मिटले. रिक्षाचा हॉर्न पुन्हा वाजला आणि बंद झाला.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता पुढचं.”